शेकडा दोनचा हिशेब
म्युच्युअल फंडातील खर्च आणि दीर्घ मुदतीची बचत

बाजार समितीत माल विकून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती हिशेबाची पट्टी पडते. मालाचे वजन, मिळालेला भाव, एकूण रक्कम आणि तिच्याखाली हमाली, तोलाई, वाहतूक अशा वजावटी एकाखाली एक लिहिलेल्या असतात. वजावट पटो अगर न पटो, ती किती झाली हे त्याला कळते. पटली नाही तर तो तेथेच भांडूही शकतो. म्युच्युअल फंडात दरमहा रक्कम भरणाऱ्या शिक्षकाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या हाती मात्र अशी पट्टी पडत नाही. वजावट त्याच्याही पैशातून होते, दररोज होते, सुटीच्या दिवसांचा हिशेबही तीतून सुटत नाही. परंतु वजावट झाल्यानंतर उरलेला आकडाच तेवढा त्याच्या दृष्टीस पडतो. ही न दिसणारी वजावट वीस-पंचवीस वर्षांत किती मोठी होते, याची कल्पना गुंतवणूक करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असते.

आपल्याकडील पगारदार वर्गाची बचतीची सवय निराळ्या साधनांवर घडली आहे. भविष्य निर्वाह निधी, टपाल खात्याच्या अल्पबचत योजना, विम्याचा हप्ता आणि पगारदार पतसंस्थेतील ठेव ही ती साधने. यांपैकी ठेवी आणि अल्पबचत यांत व्याजाचा दर आधी जाहीर होतो. बँकेचा किंवा पतसंस्थेचा कारभाराचा खर्च किती, याच्याशी ठेवीदाराला काही कर्तव्य नसते. शेकडा सात ठरले म्हणजे सात मिळावयाचे. त्यामुळे 'यात खर्च किती?' हा प्रश्न विचारण्याची सवयच आपल्याला लागली नाही. म्युच्युअल फंडात परतावा ठरलेला नसतो. निधीची जी वाढ होईल ती गुंतवणूकदारांची, जी घट होईल तीही त्यांचीच, आणि कारभाराचा खर्चही त्यांच्याच पैशातून. तेव्हा येथे खर्चाचा प्रश्न प्रथम विचारावयास हवा, आणि नेमका तोच राहून जातो.

निधीची घडण

म्युच्युअल फंड ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. संसदेने १९६३ साली केलेल्या कायद्यान्वये युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि १९६४ साली मुंबईहून 'युनिट १९६४' ही पहिली योजना सुरू झाली. दहा रुपये दर्शनी किमतीची ती युनिटे पुढील काळात असंख्य मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. २००१ च्या जुलैमध्ये त्याच योजनेतील खरेदी-विक्री काही काळ थांबवावी लागली, तेव्हा 'युनिट म्हणजे ठेव' हा समज पुष्कळ घरांतून एका रात्रीत गेला. दरम्यान १९८७ पासून सार्वजनिक क्षेत्रातील बँका व विमा संस्था आणि १९९३ पासून खाजगी कंपन्या या क्षेत्रात आल्या. या सर्वांवर आज सेबीचे, म्हणजे भारतीय प्रतिभूति व विनिमय मंडळाचे नियंत्रण आहे.

रचना थोडक्यात अशी की, हजारो लोकांचे पैसे एका विश्वस्त निधीत एकत्र येतात. निधीचे मालक गुंतवणूकदार असतात. मालमत्ता व्यवस्थापन कंपनी ही त्यांच्या वतीने शेअर व रोखे यांची खरेदी-विक्री करते आणि त्याबद्दल शुल्क घेते. नोंदणी ठेवणारी संस्था, रोखे सांभाळणारी संस्था, हिशेबतपासनीस, जाहिरात, आणि गुंतवणूकदार मिळवून देणाऱ्या वितरकाचे कमिशन हे सारे खर्चही त्याच निधीतून भागतात. या सर्वांची निधीच्या एकूण मालमत्तेशी पडणारी वार्षिक टक्केवारी म्हणजे 'एकूण खर्चाचे प्रमाण'. बाजारात त्याला 'एक्स्पेन्स रेशो' म्हणतात. शेअरची खरेदी-विक्री करताना द्यावी लागणारी दलाली व कर यांचा बराचसा भाग व्यवहाराच्या किमतीतच मिसळून जातो, हेही येथेच नमूद केलेले बरे.

हे प्रमाण किती असावे याची कमाल मर्यादा सेबी ठरविते. १ एप्रिल २०१९ पासून अमलात आलेल्या तक्त्यात शेअरमध्ये गुंतवणूक करणाऱ्या खुल्या योजनांना पहिल्या ५०० कोटी रुपयांवर शेकडा २.२५, पुढील २५० कोटींवर २.००, त्यापुढील १,२५० कोटींवर १.७५ असा उतरता दर होता, आणि ५० हजार कोटींच्या पुढील रकमेवर तो १.०५ वर येत असे. आयकराच्या टप्प्यांप्रमाणेच हा हिशेब चालतो. उदाहरणार्थ, २,००० कोटी रुपयांच्या योजनेची मर्यादा या तक्त्याने ३८ कोटी १२ लाख ५० हजार रुपये, म्हणजे सरासरी शेकडा १.९१ इतकी येई. व्यवस्थापन शुल्कावरील वस्तू व सेवा कर त्यावर वेगळा. मर्यादा त्यानंतरही बदलत आल्या आहेत व पुढेही बदलतील. म्हणून आपल्या योजनेचा आजचा दर जुन्या कागदावरून न पाहता कंपनीच्या संकेतस्थळावरून पाहणे इष्ट.

वजावट होते कोठे

पुष्कळांची अशी समजूत असते की, वर्षाच्या शेवटी खात्यातून काही रक्कम वजा होत असेल आणि तसे काही खातेपत्रकावर दिसत नाही त्याअर्थी खर्च नाही. प्रत्यक्षात वार्षिक खर्चाचे ३६५ भाग पाडून एक-एक भाग रोजच्या रोज निधीच्या मालमत्तेतून वजा केला जातो. १,००० कोटी रुपयांची योजना आणि शेकडा १.८ खर्च धरला तर वर्षाला १८ कोटी, म्हणजे दिवसाला सुमारे ४ लाख ९३ हजार रुपये होतात. ही वजावट झाल्यावर उरलेल्या मालमत्तेला युनिटांच्या संख्येने भागले की त्या दिवसाचे निव्वळ मालमत्ता मूल्य निघते. वर्तमानपत्रात किंवा भ्रमणध्वनीवर आपण जो 'एन.ए.व्ही.'चा आकडा पाहतो, तो असा खर्च वजा जाऊन आलेला असतो. युनिटांची संख्या तीच राहते, पावती कसलीच येत नाही, आणि बाजार त्या दिवशी शेकडा एकाने वर किंवा खाली गेलेला असल्यामुळे त्यातील खर्चाचा अंश डोळ्यांना जाणवणे अशक्यच असते.

बाजार उतरला म्हणून हा खर्च थांबत नाही. निधीची मालमत्ता घटली की त्या मानाने शुल्काची रक्कम घटते खरी. परंतु ज्या वर्षी गुंतवणूकदाराला शेकडा दहाचा तोटा झाला, त्या वर्षीही शुल्क द्यावेच लागते.

शेकडा दोन म्हणजे किती

'शंभरात दोन रुपये, त्यात काय मोठेसे?' असे साहजिकच वाटते. हॉटेलात आपण याहून अधिक बक्षिसी देतो. परंतु हे दोन रुपये कशावर घेतले जातात, हे पाहिले पाहिजे. ते एका वर्षाच्या वाढीवर घेतले जात नाहीत. साठलेल्या संपूर्ण रकमेवर, आणि दरसाल, घेतले जातात. निधीची वाढ खर्चापूर्वी दरसाल शेकडा १० झाली असे हिशेबापुरते धरू. (ती होईलच अशी हमी कोणी देत नाही.) दहातून दोन गेले म्हणजे वाढीचा पाचवा हिस्सा गेला. महागाई शेकडा पाच असेल तर खरी वाढ पाचच रुपयांची. तीतून दोन गेले म्हणजे चाळीस टक्के गेले.

आता चक्रवाढीने काय होते ते पाहू. एक लाख रुपये एकदाच गुंतवून तीस वर्षे तसेच ठेवले, तर वरील गृहीत धरलेल्या वाढीने त्यांचे पुढीलप्रमाणे होतील :

खर्च काहीच नसता तर : १७ लाख ४५ हजार रुपये
खर्च शेकडा अर्धा : १५ लाख २२ हजार रुपये
खर्च शेकडा एक : १३ लाख २७ हजार रुपये
खर्च शेकडा दोन : १० लाख ६ हजार रुपये

पहिल्या व शेवटच्या ओळीतील फरक ७ लाख ३९ हजारांचा आहे. मूळ गुंतवणूक एक लाखाची, आणि शेकडा दोनच्या खर्चाने तीस वर्षांत कमी झालेली रक्कम तिच्या सातपटींहून अधिक. ही सारी रक्कम कंपनीने घेतली असे मात्र नाही. दरसाल गेलेले शुल्क आणि ते शुल्क निधीत राहिले असते तर त्यावर जी पुढे वाढ झाली असती ती, अशी दोन्ही मिळून ही घट होते. चक्रवाढ व्याजाचे गुणगान बचतीच्या प्रत्येक व्याख्यानात होते. चक्रवाढ खर्चाचा उल्लेख मात्र तेथे क्वचितच ऐकू येतो.

दरमहा हप्त्याने, म्हणजे 'एस.आय.पी.'ने रक्कम भरणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. त्यांचा हिशेब थोडा निराळा पडतो. तीस वर्षांची एक शिक्षिका दरमहा ५,००० रुपये याप्रमाणे पंचवीस वर्षे भरते असे समजा. तिने घातलेली रक्कम १५ लाख. खर्चापूर्वीची वाढ पूर्वीप्रमाणेच दरसाल शेकडा १०. खर्च शेकडा एक असेल तर तिच्या हाती सुमारे ५२ लाख ८८ हजार येतील आणि खर्च शेकडा दोन असेल तर ४५ लाख ४५ हजार. केवळ एका टक्क्याच्या फरकाने ७ लाख ४३ हजार रुपये कमी. तिने स्वतः घातलेल्या रकमेच्या ही रक्कम जवळजवळ निम्मी आहे. हप्त्यांत मोजली तर बारा वर्षांहून अधिक काळचे हप्ते होतात.

याच उदाहरणातील आणखी एक गोष्ट उद्‌बोधक आहे. शेकडा दोन खर्चाच्या योजनेत या शिक्षिकेकडून पहिल्या वर्षी सहाशे रुपयांच्या आसपास शुल्क घेतले जाते. पंचविसाव्या वर्षी, रक्कम चाळीस लाखांच्या पुढे गेलेली असल्यामुळे, ते ८५ हजारांच्या वर जाते. तिच्या खात्याचे काम पहिल्या वर्षी जेवढे होते तेवढेच शेवटच्या वर्षी असते. टक्केवारी तीच राहिली, रक्कम तेवढी शंभरपटींहून अधिक झाली. ८५ हजारांचे देयक वर्षाच्या शेवटी टपालाने घरी आले असते तर कोणत्याही गृहस्थाने ते दोनदा वाचले असते.

रोख्यांत गुंतवणूक करणाऱ्या योजनांच्या बाबतीत तर खर्चाकडे अधिकच लक्ष द्यावयास हवे. तेथे एकूण वाढच शेकडा सातच्या आसपास असली, तर एका टक्क्याचा खर्च वाढीचा सातवा भाग नेतो, आणि उरलेल्या सहा टक्क्यांची तुलना मग बँकेच्या मुदत ठेवीशी करावी लागते. शेअरच्या योजनेत चांगल्या वर्षी खर्च झाकला जातो. रोख्यांच्या योजनेत तो झाकण्याइतके पांघरूणच नसते.

दिसणारे शुल्क आणि न दिसणारे शुल्क

२००९ पर्यंत या योजनांना प्रवेशशुल्क असे. शेअरच्या योजनांत ते बहुधा शेकडा २.२५ होते, दहा हजार रुपये भरले की त्यातील २२५ रुपये प्रथमच वजा होत आणि ९,७७५ रुपयांची युनिटे मिळत. हे शुल्क उघड दिसत असल्याने त्याबद्दल नाराजीही उघड होती. सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून ते बंद केले. तो निर्णय योग्यच होता. तथापि दोन्ही शुल्कांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. एकदाच घेतलेले शेकडा २.२५ प्रवेशशुल्क पंचवीस वर्षांनंतरच्या रकमेतूनही शेकडा २.२५ च कमी करते. दरसाल घेतला जाणारा शेकडा एकचा जादा खर्च मात्र एकरकमी गुंतवणुकीची पंचवीस वर्षांनंतरची रक्कम जवळजवळ एक पंचमांशाने कमी करतो. ज्याविरुद्ध ओरड झाली ते शुल्क लहान होते; मोठे शुल्क पाटाच्या फुटीतून पाणी झिरपावे तसे शांतपणे चालू राहिले.

मुदतीपूर्वी पैसे काढल्यास लागणारे निर्गमन शुल्क अजून आहे. शेअरच्या पुष्कळ योजनांत ते एका वर्षाच्या आत पैसे काढल्यास शेकडा एक असते. त्याची रक्कम योजनेतच जमा होते, म्हणजे मागे राहिलेल्या गुंतवणूकदारांना मिळते. दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराला त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

एकच योजना, दोन भाव

खर्चाचा परिणाम कागदावरील गणिताबाहेर, प्रत्यक्षात पाहावयाचा असेल तर त्याची सोय सेबीच्या एका निर्णयाने आपोआप झाली आहे. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला दोन प्रकार ठेवणे बंधनकारक झाले. वितरकामार्फत घेतलेला तो 'रेग्युलर' म्हणजे नियमित प्रकार, आणि कंपनीकडे परस्पर जाऊन घेतलेला तो 'डायरेक्ट' म्हणजे थेट प्रकार. दोन्हींचा पैसा एकाच निधीत असतो. शेअर तेच, व्यवस्थापक तोच, खरेदी-विक्रीचे निर्णय तेच. फरक एवढाच की थेट प्रकारात वितरकाचे कमिशन नसते. त्या दिवशी अस्तित्वात असलेल्या योजनांचे दोन्ही भाव जवळपास एकाच ठिकाणाहून निघाले. आज त्याच योजनांचे दोन भाव शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. थेट प्रकारचा भाव वरचा असतो आणि दोहोंतील अंतर दरवर्षी रुंदावत जाते. हे अंतर म्हणजे इतक्या वर्षांचे कमिशन, त्यावरील वाढीसह. त्यासाठी कोणाच्या मताची गरज नाही; दोन आकड्यांची वजाबाकी पुरते.

या संबंधात एक गैरसमज सर्रास आढळतो. बँकेच्या शाखेत जाऊन घेतलेली योजना ती 'थेट', असे अनेक सुशिक्षितही समजतात. बँक ही या व्यवहारात वितरक असते आणि तिलाही कमिशन मिळते. खाते जुने, व्यवस्थापक ओळखीचे, म्हणून हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

अधिक शुल्क, अधिक कौशल्य?

महाग वैद्य हुशार असावा, अशी आपली स्वाभाविक समजूत. निधीच्या बाबतीत ती कितपत खरी आहे? अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांना १९९० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ साली लिहिलेल्या एका छोट्या लेखात त्यांनी याचे उत्तर केवळ अंकगणिताने दिले. बाजारातील सर्व शेअर कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे असतात. तेव्हा सर्व गुंतवणूकदारांची मिळून होणारी वाढ ही बाजाराच्या वाढीइतकीच असणार. एकाने सरासरीपेक्षा अधिक मिळविले तर दुसऱ्याने तेवढे कमी मिळविलेले असते. ही झाली खर्चापूर्वीची गोष्ट. खर्च वजा केल्यावर निवड करून गुंतवणूक करणाऱ्यांची सरासरी बाजाराच्या खाली जाते, आणि नेमकी खर्चाइतकी खाली जाते. काही व्यवस्थापक सरासरीच्या वर राहतीलच. परंतु पुढील वीस वर्षे कोण वर राहील हे आज ओळखणे कठीण. खर्च मात्र आज छापील मिळतो.

याच विचारातून निर्देशांक योजना निघाल्या. जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या संस्थेने १९७६ साली अमेरिकेत सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी अशी पहिली योजना आणली, तेव्हा तिची बरीच थट्टा झाली होती. शेअरची निवड न करता सेन्सेक्स किंवा निफ्टीसारख्या निर्देशांकात जे शेअर असतील तेच त्या प्रमाणात घ्यावयाचे, म्हणून खर्च अगदी कमी. आपल्याकडील अशा थेट योजनांत तो बऱ्याच वेळा पाव टक्क्याच्याही आत असतो. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०१५ च्या ऑगस्टपासून शेअर बाजारात पैसे घालण्यास सुरुवात केली, तीही निर्देशांकावर आधारित योजनांमार्फतच. निर्देशांक योजनेत बाजार पडला की रक्कमही पडते, हे वेगळे सांगावयास नको. कमी खर्च म्हणजे कमी धोका नव्हे.

शासकीय सेवेतील वाचकांना एक तुलना अधिक जवळची वाटेल. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू झाली आणि ती पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीला जोडली गेली. निवृत्तिवेतनाच्या धोरणात नंतर झालेले बदल हा येथील विषय नव्हे. मुद्दा त्या प्रणालीतील व्यवस्थापन शुल्काचा आहे. २०२१ साली ठरलेल्या श्रेणीत ते निधीच्या आकारानुसार शेकडा ०.०९ पासून शेकडा ०.०३ पर्यंत उतरत जाई. दहा लाख रुपयांवर शेकडा ०.०५ दराने वर्षाला ५०० रुपये होतात. त्याच रकमेवर शेकडा १.७५ दराने १७,५०० रुपये. त्या प्रणालीत पैसे बहुतांशी निवृत्तीपर्यंत अडकून राहतात, खात्याचे किरकोळ शुल्क वेगळे असते आणि काढतानाच्या अटीही आहेत. म्हणून दोन्ही साधने सारखी नव्हेत. तरीही निधी सांभाळण्याचे काम किती अल्प खर्चात होऊ शकते, एवढे त्यावरून दिसते.

वितरकाची बाजू

एवढे वाचून वितरक हा नाहक मधला माणूस आहे असा समज होऊ नये. तालुक्याच्या गावी कागदपत्रांची पूर्तता, नामनिर्देशन, बँक खात्याची जोडणी, पत्ता बदलणे, मृत्यूनंतर वारसांना रक्कम मिळवून देणे ही कामे कोणीतरी करावीच लागतात. २००८ साली किंवा २०२० च्या मार्चमध्ये बाजार कोसळला, तेव्हा घाबरून सर्व विकून टाकायला निघालेल्यांना ज्या वितरकांनी थांबविले, त्यांनी आपल्या कमिशनाहून अधिक रक्कम त्यांच्या पदरात टाकली असे म्हणावे लागेल. ज्याला स्वतः निवड करण्याइतका वेळ व आवड नाही, त्याने या सेवेचा मोबदला देण्यात गैर काही नाही. मात्र मोबदला किती आणि त्याबदल्यात सेवा कोणती, हे उभयपक्षी स्पष्ट असावे. वर्षानुवर्षे कमिशन चालू आणि वितरकाचे दर्शन केवळ नवी योजना विकावयाची असेल तेव्हाच, असे प्रकारही गावोगाव आहेत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सेबीने विक्रीच्या वेळी एकरकमी कमिशन देण्याची पद्धत बंद केली आणि जोवर पैसा योजनेत आहे तोवर थोडे-थोडे कमिशन देण्याची पद्धत ठेवली. जुने मोडून नवे घ्यायला लावण्याचा मोह त्यामुळे बराच कमी झाला.

ठराविक शुल्क घेऊन केवळ सल्ला देणारे, सेबीकडे नोंदलेले गुंतवणूक सल्लागारही असतात. त्यांच्याकडून सल्ला घेऊन थेट योजना घेणे हा तिसरा मार्ग. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणीही ते विरळाच.

आपला दर कसा पाहावा

खातेपत्रकावर योजनेच्या नावापुढे 'डायरेक्ट' हा शब्द असेल तर ती थेट योजना. तो नसेल आणि वितरकाचा नोंदणी क्रमांक छापलेला असेल तर नियमित. खर्चाचे प्रमाण प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर रोज जाहीर करावे लागते. जाहिरातीत छापलेला परतावा खर्च वजा जाऊन आलेला असतो, परंतु तो कोणत्या प्रकारचा आहे हे तळटिपेत पाहावे. थेट प्रकाराचा आकडा दाखवून नियमित योजनेचा अर्ज पुढे केला जात असेल, तर दोन्ही आकडे मागून घ्यावेत.

नियमित योजनेतून थेट योजनेत जाण्याचा विचार असेल तर घाई करू नये. निधी तोच असला तरी कायद्याच्या दृष्टीने ही विक्री व पुन्हा खरेदी ठरते. एक वर्ष झाले नसल्यास निर्गमन शुल्क लागू शकते. शेअरच्या योजनांत एक वर्षानंतरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून वार्षिक सव्वा लाख रुपयांपुढील रकमेस शेकडा १२.५ कर ठरविण्यात आला. करबचतीच्या योजनेत तीन वर्षे रक्कम हलविताच येत नाही. म्हणून पुढील हप्ते थेट योजनेत सुरू करावेत आणि जुनी रक्कम कराची मर्यादा पाहून दरवर्षी थोडी-थोडी हलवावी, हे सोयीचे पडते. थेट योजना कंपनीच्या कार्यालयात अर्ज देऊन, तिच्या संकेतस्थळावरून, अथवा दोन्ही मोठ्या नोंदणी संस्थांनी मिळून २०२१ साली सुरू केलेल्या 'एम.एफ. सेंट्रल' या सामाईक सुविधेवरून घेता येतात.

ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्याकडे गावातील लोक असे कागद घेऊन येतात. त्यांनी एक पत्रक आवर्जून मागवावे. मार्च व सप्टेंबरअखेरच्या सहामाहीचे एकत्रित खातेपत्रक गुंतवणूकदाराला पाठविले जाते. त्यात त्या सहा महिन्यांत वितरकाला दिलेले कमिशन प्रत्यक्ष रुपयांत छापलेले असते, आणि त्याच योजनेच्या नियमित व थेट अशा दोन्ही प्रकारांचे सरासरी खर्चाचे प्रमाणही दिलेले असते. हे पत्रक बहुधा ई-मेलवर येते आणि उघडण्यासाठी सांकेतिक शब्द लागतो, त्यामुळे ते न उघडताच राहते. टपालाने हवे असल्यास तसे लेखी कळविता येते. कमिशनाचा किंवा योजनेच्या प्रकाराचा तपशील मागूनही मिळाला नाही, तर प्रथम मालमत्ता व्यवस्थापन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार प्रणालीवर विनामूल्य तक्रार नोंदविता येते.